वाकड्या लाकडाचे धनुष्य

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषयाचे नाव वाचून काही जणांच्या कपाळाला आठी पडली असेल. वर्धापनदिन विहाराचा आणि बोलायचे धनुष्यावर? ज्या धम्मात पहिलेच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे, तिथे हत्यार कशाला आणता? शंका रास्त आहे. पण आमचा सगळा जन्म लाकूडकाम करण्यात आणि पोरांना ते शिकवण्यात गेला. तेव्हा नेम कसा मारायचा हे आम्ही सांगणार नाही. धनुष्य घडवतात कसे, आणि तेही हट्टी, वाकड्या, गाठाळ लाकडातून, एवढेच सांगणार आहोत.

शिवाय धनुष्य आपल्या ग्रंथांना परके नाही. मज्झिम निकायात तथागतांनी मालुंक्यपुत्ताला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला आहे. तो माणूस बाण काढू देत नाही. आधी मला सांगा, म्हणतो, धनुष्य कोणत्या प्रकारचे होते, दोरी रुईच्या धाग्याची होती की स्नायूची होती. ही चौकशी पुरी होण्याआधीच बिचारा मरून जातो. आज सुदैवाने आपल्यापैकी कुणाला बाण लागलेला नाही, म्हणून तीच चौकशी अर्धा तास करायला हरकत नाही.

धम्मपदाच्या पंडितवग्गातही पाहा. शेतात पाणी वळवून नेणारा, बाणाची काडी सरळ करणारा आणि लाकूड घडवणारा सुतार असे तीन कामकरी तिथे एका रांगेत बसवले आहेत, आणि त्यांच्या शेजारी स्वतःला घडवणारा शहाणा माणूस. हाताने काम करणाऱ्याला खालच्या पायरीवर बसवायची ज्या देशात रीत पडली, त्या देशात हा मान लहान नाही. असा दाखला देणाऱ्याने कामाला बसलेला कारागीर जवळून पाहिला असला पाहिजे. आम्हीही आज तेच करू. एक कारागीर जवळून पाहू.

आता लाकूड कोणते ते सांगतो. अमेरिकेत टेक्सास, ओक्लाहोमा आणि आर्कान्सा ही राज्ये जिथे एकमेकांना भिडतात, त्या रेड नदीच्या मुलखात एक काटेरी झाड मूळचे उगवते. इंग्रजीत त्याला ओसेज ऑरेंज म्हणतात. ओसेज हे तिथल्या एका आदिवासी जमातीचे नाव. ऑरेंज म्हणजे संत्रे. पण नागपूरकडच्या पाहुण्यांनी फसू नये! फळ संत्र्यासारखे गोल असले तरी हिरवट, वरून मेंदूसारखे खडबडीत, आणि माणसाने खावे असे त्यात काही नाही. फ्रेंच लोक त्या भागात आले तेव्हा तिथले मूळ रहिवासी याच लाकडाची धनुष्ये करताना त्यांनी पाहिले आणि झाडाला नाव दिले 'ब्वा द आर्क', म्हणजे धनुष्याचे लाकूड. पुढे खेड्यापाड्यांतल्या गोऱ्यांच्या तोंडी त्याचे 'बोडार्क' झाले.

गंमत बघा, वनस्पतीशास्त्रात हे झाड ज्या कुळात मोडते त्याच कुळात तुती, फणस, वड आणि आपला पिंपळ, म्हणजे बोधिवृक्ष, हेही मोडतात. याची फांदी मोडली की पिंपळासारखाच पांढरा चीक येतो. आतले लाकूड फणसाच्या लाकडासारखे पिवळेधमक. फणसाच्या ढलप्या उकळून ब्रह्मदेश-थायलंडकडे भिक्खूंची चीवरे रंगवत. या झाडाच्या ढलप्यांतूनही तसाच पिवळा रंग निघतो. सातासमुद्रापलीकडचे झाड, पण नात्यातले निघाले.

या लाकडाला किंमत किती होती? १८०४ साली मेरिवेदर लुईस या अधिकाऱ्याने सेंट लुईसहून अध्यक्ष थॉमस जेफर्सन यांना या झाडाच्या फांद्या लावण्यासाठी पाठवल्या आणि सोबत लिहिले, की या लाकडासाठी तिथले आदिवासी शेकडो मैलांची वाट तुडवतात. जॉन ब्रॅडबरी नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ १८०९ ते १८११ या काळात त्या मुलखात हिंडला. मिसुरी नदीच्या वरच्या अंगाला अरिकारा जमातीत त्याने भाव विचारला. या लाकडाच्या एका धनुष्याला एक घोडा आणि एक घोंगडे! घोडा म्हणजे त्या काळी घरातली सर्वांत मोठी मालमत्ता.

आणि पुढे काय झाले? १८०८ च्या तहाने ओसेज लोकांना मिसुरीतली बहुतेक जमीन सोडावी लागली. मग कॅन्सासमध्ये सरकवले. १८७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथूनही उठवून ओक्लाहोमात नेले. रिकाम्या झालेल्या माळरानावर गोरे शेतकरी आले. त्यांना गुरे अडवायला कुंपण हवे होते, आणि तिथे दगड कमी, लाकूड कमी. १८४० नंतरच्या दशकांत त्यांनी हेच काटेरी झाड ओळीने लावले आणि छाटून छाटून त्याची दाट भिंत केली. ज्यांच्या हातात या लाकडाचे धनुष्य होते त्यांची जमीन गेली, आणि त्याच झाडाचे कुंपण त्या जमिनीला पडले. आपल्या लोकांना हे फार समजावून सांगावे लागत नाही.

१८७४ साली जोसेफ ग्लिडनला काटेरी तारेचे पेटंट मिळाले आणि जिवंत कुंपणाचे दिवस संपत आले. मग याच झाडाचे खांब करून त्यावर तार ताणली, कारण हे लाकूड मातीत पुरले तरी लवकर कुजत नाही. १९३४ पासून अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळात वारा अडवायला झाडांचे जे लांबच लांब पट्टे लावले, त्यांतही हे झाड होते. अशा जुन्या बांधांवरूनच पुढे धनुष्य करणाऱ्यांनी लाकूड मिळवले. आधीच हे झाड फारसे सरळ वाढणारे नव्हे. त्यात वर्षानुवर्षे छाटलेले, खुंटवलेले. म्हणून ओंडका हाती येतो तो पिळलेला, नागमोडी आणि गाठींनी भरलेला. गिरणीवाला असे लाकूड जळणात टाकील.

मग याचे धनुष्य होते कसे? इथून पुढे जरा सावकाश ऐका.

पहिली गोष्ट, ओंडक्याला करवत लावायची नाही. लोखंडी पाचरी ठोकून तो उभा फाडायचा. करवत आपल्या सोयीने सरळ जाते आणि वाटेत येतील ते धागे कापत सुटते. पाचर मात्र लाकडाच्या धाग्यानेच जाते. धागा डावीकडे वळला तर फाळकाही डावीकडे वळतो. ओंडका फुटला की त्याचा स्वभाव समोर दिसतो. तो आवडो न आवडो, काम त्याच्याशीच करायचे.

दुसरी गोष्ट वाळवण्याची. तोडल्याबरोबर दोन्ही टोकांना रंग, मेण किंवा सरस फासतात. नाहीतर टोकांतून पाणी भराभर निघून जाते आणि लाकूड उभे तडकते. साल आणि सालीखालचे फिकट कच्चे लाकूड लवकर काढावे लागते, कारण त्यात भुंगेरे शिरतात. आणि ते काढले की उघड्या पडलेल्या पाठीवरही काहीतरी फासून ती झाकावी लागते. मग सावलीत, वाऱ्याशी, वर्षभर किंवा अधिक. घाई केली तर भेगा, आणि ओले असताना वाकवले तर ते वाकलेलेच राहते, परत उसळत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. धनुष्याला पाठ असते आणि पोट असते. ओढताना तिरंदाजाकडे असते ते पोट. ते दाबले जाते. पलीकडची ती पाठ. ती ताणली जाते. लाकूड मोडते ते बहुतेक पाठीकडून, कारण कापलेला धागा ताण पडला की उचकटतो. म्हणून पाठीवर एकही धागा तुटलेला चालत नाही. झाडाला दर वर्षी एक वलय येते हे आपण शाळेत शिकलो. त्या वलयाचे दोन भाग असतात. वसंतात वाढलेला सच्छिद्र, भुसभुशीत थर आणि त्यानंतर वाढलेला घट्ट थर. कारागीर गाभ्यातले एक जाड वलय निवडतो. एक सूत जाडीचे मिळाले तर नशीबच! मग दोन्ही टोकांना मूठ असलेली, अंगाकडे ओढायची लांब सुरी घेऊन वरची सगळी वलये एकामागून एक उतरवतो, आणि निवडलेल्या एकाच वलयाचा घट्ट थर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड ठेवतो. झाडाच्या एका वर्षाची वाढ, साडेपाच-सहा फूट लांब, कुठेही न खरचटता. डोळ्यांइतकेच कानांनीही काम चालते. भुसभुशीत थरावर सुरी करकर वाजते, घट्ट थराला लागली की आवाज बदलतो. आवाज बदलला की हात हलका करायचा.

आणि मध्येच गाठ आली तर? कोणे एके काळी तिथून फांदी फुटली होती, त्याची ती खूण. गाठीभोवती वलये टेकडीसारखी वर चढलेली असतात. अननुभवी माणूस ती टेकडी साफ करून पाठ सपाट करतो. दिसायला झकास दिसते, पण तिथले धागे कापले गेले, आणि धनुष्य एक दिवस नेमके तिथूनच मोडते. जाणता कारागीर गाठीला वळसा घालतो, टेकडी तशीच ठेवतो, उलट गाठीच्या दोन्ही अंगांना लाकूड थोडे रुंद सोडतो. जिथे जखम आहे तिथे आधार जास्त लागतो, हा त्याचा नियम.

चौथी गोष्ट आखणीची. आम्ही सुतार मंडळी पट्टी लावून सरळ रेघ मारतो. इथे तसे चालत नाही. धनुष्याची मधली रेघ धाग्याबरोबर नागमोडी काढतात. भुजा सापासारख्या दिसल्या तरी चालतात. मात्र एक गोष्ट चालत नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून पाहायचा. तो मुठीच्या मधोमध आला पाहिजे. नाहीतर दोरी चढवली की भुजा कुशीवर वळतात. दोरा फार बाहेर पडत असेल तर तेवढ्याच भागाला चरबी चोळून निखाऱ्यावर शेक देतात, लाकूड आतपर्यंत गरम होऊ देतात, हलकेच वळवतात, आणि गार होईपर्यंत शिकंज्यात धरून ठेवतात. त्यानंतर काही दिवस त्याला ताण द्यायचा नाही. शेकाने उडालेला ओलावा हवेतून परत यायला हवा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपल्याकडे म्हणतात. जाळले तर नाहीच जात. बेताने शेकले तर हवा तेवढा जातो, आणि उरलेला पीळ कामाला आड येत नाही.

पाचवी गोष्ट, धनुष्याला वाकायला शिकवण्याची. कारागीर एक खांब उभा करतो, त्याच्या खोबणीत धनुष्याची मूठ बसवतो आणि दोरी थोडी थोडी खाली ओढून चार पावले मागून पाहतो. दोन्ही भुजा सारख्या वाकतात का? जिथे ताठ आहे तिथे पेन्सिलीची खूण करून पोटाच्या अंगाने पातळ किस काढतो. जिथे आधीच जास्त वाकते तिथे हत्यार लावत नाही. दर वेळी किस काढला की वीस-तीस वेळा हलकेच ओढून सोडतो, म्हणजे झालेला बदल लाकडात मुरतो. मगच पुढचा इंच. आज जेवढे सोसेल तेवढेच ओढायचे. एकाच जागी जास्त लाकूड गेले तर तिथे दुमड पडते आणि सगळा भार तीच जागा सोसते. काढलेले लाकूड परत चिकटवता येत नाही. म्हणून शेवटच्या दोन इंचांना पहिल्या दहांपेक्षा जास्त वेळ लागतो.

हे सारे नियम लाकडाचे आहेत, माणसाने मनाने केलेले नाहीत. लाकूड बदलले की नियम बदलतो. इंग्लंडात यू नावाच्या झाडाची उंच धनुष्ये करत. १५४५ मध्ये बुडालेले 'मेरी रोझ' हे जहाज १९८२ साली वर काढले. त्यावरची अशी शंभरावर धनुष्ये मिळाली आहेत. यूच्या बाबतीत सालीखालचे पांढरे लाकूड मुद्दाम पाठीला ठेवतात, कारण ते ताण चांगला सोसते. ओसेज ऑरेंजमध्ये तेच काढून टाकतात. आपल्या सातपुड्यातले भिल्ल बांधव बांबूचे धनुष्य करतात, त्याची दोरीही बांबूच्याच चिरटीची असते. एकाचा नियम दुसऱ्याला लावला तर दोन्ही वाया.

धनुष्य म्हटले की आपल्या घरांत पहिले नाव निघते ते एकलव्याचे. विद्या त्याने स्वतःच्या कष्टाने मिळवली आणि गुरूने दक्षिणा म्हणून अंगठाच मागितला. त्याच्यासमोर आम्हाला दुसरा एक माणूस उभा करावासा वाटतो. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीची माणसे गोऱ्या वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात वेचून मारली. उरलेला एकटा माणूस १९११ च्या ऑगस्टमध्ये ओरोव्हिल गावाजवळ सापडला. आपले नाव आपण सांगायचे नाही, ही त्याच्या लोकांची रीत. आणि त्याचे नाव सांगायला कुणी उरलेच नव्हते. म्हणून त्याला 'इशी' म्हणू लागले. त्याच्या जवळच्या बोलीत इशी म्हणजे माणूस. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या संग्रहालयात तो राहिला. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. सॅक्स्टन पोप यांना त्याने धनुष्य घडवायला शिकवले. त्याचे लाकूड वेगळे होते, ज्युनिपरचे. पाठीवर तो प्राण्याचे स्नायू सरसाने चिकटवी. १९१६ च्या मार्चमध्ये तो क्षयाने गेला. पोप यांनी १९२३ साली पुस्तक लिहिले, आणि ते वाचून अमेरिकेत कित्येकांनी लाकडाचे धनुष्य पुन्हा हाती घेतले. ज्याचे सर्वस्व लुटले गेले त्याने आपली विद्या परक्याला देऊन टाकली. अंगठा मागितला नाही.

आता बंधूंनो, शेवटचे. आपल्या वस्तीत आम्ही इतकी वर्षे ऐकतो, "हे पोरगं म्हणजे वाकडं लाकूड आहे सर, काही होणार नाही याचं." दुसरा म्हणतो, "मी त्याला वठणीवर आणतो." पहिल्याने ओंडका जळणात टाकला. दुसऱ्याने गाठ तासून सपाट केली. दोन्हीकडे धनुष्य गेले. गणितात नापास होणारा मुलगा घरातला बंद रेडिओ उघडून चालू करतो, तेव्हा त्याचा धागा कुठे चालला आहे ते दिसते. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी घरी धाकट्या भावंडांना धडा समजावून सांगते, तेव्हाही दिसते. रेघ मारायची ती यानंतर. आणि ज्या लेकराच्या अंगावर जुन्या जखमेची गाठ आहे, वडिलांच्या दारूची असो, आईच्या आजारपणाची असो, शाळेत कुणी जातीवरून बोलल्याची असो, त्याच्या दोन्ही अंगांना जरा जास्त आधार सोडा.

याचा अर्थ पोरांना तसेच मोकाट सोडा, असा नाही. ओसेज ऑरेंजला शेक लागतोच, ओढावे रोजच लागते. फक्त आज सोसेल तेवढे, आणि उद्या एक इंच पुढे. आणि लाकडात नि माणसात एक मोठा फरक आहे, तो पंडितवग्गातल्या त्या दाखल्यात आला आहे. लाकडाला दुसऱ्याचा हात लागतो. माणसाला मात्र आपल्या हाताने स्वतःला घडवता येते. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले, त्यात हेही आले असे आम्ही समजतो.

तेव्हा समितीला एक विनंती. आपल्या अभ्यासिकेत पुस्तकांची कपाटे आहेत, ती वाढोत. त्यांच्या शेजारी एक लाकूडकामाचे मेज मांडा. रंधा, पटाशी, कानस, हातोडा एवढ्यावर सुरुवात होते. दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर दोन तास. धनुष्य करायचे नाही. पाट करू, पुस्तकांची मांडणी करू, मोडक्या खुर्च्यांना पाय बसवू. मुलीही येऊ द्या. ज्यांना पुस्तकात धागा सापडत नाही त्यांना कदाचित तिथे सापडेल, आणि मग पुस्तकातही सापडेल. हत्यारे आम्ही आणतो, शिकवायला आम्ही बसतो. पोरं तुम्ही पाठवा.

नमो बुद्धाय! जयभीम!